आजारातून उठलेल्या मिनिएचर घोड्याचं वजन कसं वाढवावं?

मिनिएचर घोड्याची उंची खांद्यापाशी साधारण ३४ इंचांपर्यंतच असते. आजारपणात त्याने खाणं सोडलं, की अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. याला हायपरलिपीमिया म्हणतात. म्हणून त्याने चाऱ्याला तोंड लावलं नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा.

फार हडकलेल्या घोड्याला एकदम धान्य देऊ नका. त्यातल्या स्टार्चमुळे रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घटून जिवावर बेतू शकतं. वाळवलेला लसूणघास दर चार तासांनी थोडा थोडा द्या. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने १० दिवसांत प्रमाण हळूहळू वाढवा. दाट केसांखाली हाडं दिसत नाहीत, त्यामुळे बरगड्या हाताने चाचपून पाहा. दात आणि जंतांची तपासणीही करून घ्या.