पिंजऱ्यातला ताप

पोपटाला आपल्याकडे नावे पुष्कळ. कुणी राघू म्हणतो, कुणी रावा, कोकणात कुणी कीर, आणि माणसाळून बोलू लागला की तो सर्वांचाच मिठू. संस्कृतातील ‘शुकसप्तती’ मराठीत ‘शुकबहात्तरी’ होऊन आली आणि रिखार्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ साली ती लाइपझिगहून छापली. घरधनी परगावी असताना रोज एक गोष्ट सांगून घर सावरणारा पोपट हा त्या ग्रंथाचा नायक. त्याच १८९७च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगपायी सरकारने साथरोगांचा कायदा केला. साहित्यात घर राखणारा पोपट आणि साथीत घर उठवणारा उंदीर, अशी प्राण्यांची वाटणी आपल्या मनात तेव्हापासून पक्की आहे. साथींच्या इतिहासाचा गेली काही वर्षे मी माझ्यापुरता अभ्यास करतो आहे. मी डॉक्टर नाही. पण ही वाटणी आपण एकदा तपासून पाहावी असे मला वाटते.

प्लेगने कोकणाला एक गोष्ट शिकवली. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेला चाकरमानी बोटीने गावी परतू लागला तशी साथीची धास्तीही त्याच्याबरोबर आली. घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हे शहाणपण निरक्षर म्हातारीलाही होते. १९२४ साली रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना काही काळ नाशिकला जाण्याची परवानगी मिळाली, तीही इथल्या प्लेगमुळेच. उंदीर मरून निदान इशारा तरी देत असे. पोपटाच्या तापात तसे होईलच याची खात्री नाही. पक्षी दाणे खातो, शीळ घालतो, बोलतो, आणि तरीही त्याच्या विष्ठेतून व नाकातल्या स्रावातून जंतू बाहेर पडत असतात. विष्ठा वाळते, तिची धूळ होते आणि पंखांच्या फडफडीने ती माणसाच्या श्वासात जाते.

या तापाची पहिली नीट नोंद स्वित्झर्लंडमधील याकोब रिटर या डॉक्टरची. १८७९ साली उस्टर गावात, त्याच्या भावाच्याच घरी, सात माणसे आजारी पडली आणि तीन दगावली. रिटरला तो टायफॉइडच्या जातीचा, पण फुप्फुसात उतरणारा ताप वाटला, आणि त्याचा संशय घरातल्या पिंजऱ्यांवर गेला. १८९२ साली ब्यूनोस आयरेसहून पॅरिसला सुमारे ५०० पोपट जहाजाने आणले गेले. वाटेत त्यांतले बरेच मेले आणि उरलेल्यांनी शहरात साथ आणली. १८९५ साली मोरांज या फ्रेंच अभ्यासकाने पोपटाच्या ग्रीक नावावरून या रोगाला ‘सिटॅकोसिस’ हे नाव दिले.

खरा गाजावाजा झाला १९३० साली. अमेरिकेतील अ‍ॅनापोलिस येथे नाताळच्या भेटीसाठी घेतलेला पोपट मेला आणि घरातली माणसे तापाने अंथरुणाला खिळली. त्यांच्या डॉक्टरला निदान होईना. अर्जेंटिनातील पोपटांच्या तापाविषयी वर्तमानपत्रात आलेला मजकूर त्याच्या पत्नीने वाचला होता, आणि निदानाचा धागा तिथून मिळाला. वाचणाऱ्या माणसांसाठी निघणाऱ्या अंकात ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. पुढे वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्याचा साहाय्यक हेन्री अँडरसन यांनी आजारी पोपटांवर काम सुरू केले. अँडरसन त्याच तापाने मेला, आर्मस्ट्राँग मरता मरता वाचला. पक्ष्यांना कधी हातही न लावलेले कर्मचारी आजारी पडले, तेव्हा रोग हवेतून जातो हे कळून चुकले. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जानेवारीतच पोपटांची आयात थांबवली. त्या साथीत अमेरिकेत १६९ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले.

त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन यांनी रोगाचे कारण शोधले. पण तो जंतू इतका बारीक की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होई, आणि पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढत नसे. म्हणून त्याला विषाणूच समजले गेले. तो जिवाणूच आहे, क्लॅमिडिया कुळातला, हे ठरायला १९६०चे दशक उजाडले.

आयातबंदीने रोग संपला नाही. कॅलिफोर्नियात कार्ल मेयर यांना तो परसातल्या खुराड्यांत सापडला. मंदीच्या दिवसांत लोक जोडधंदा म्हणून छोटे बजरीगर पक्षी वाढवीत आणि फेरीवाले ते दारोदार विकत. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्यापुढचे दाखवले. रानातल्या पोपटांतही हा जंतू असतो. पिल्लाला तो घरट्यातच लागतो आणि बहुधा निमूट पडून राहतो. पक्षी पकडला, दाटीवाटीने कोंडला, उपाशी ठेवला, दूरवर नेला की तोच जंतू उसळतो. या सगळ्या इतिहासाचे सार मला इथे दिसते. रोगाचे मूळ पक्ष्यात आहे, पण साथ घडते ती पिंजऱ्यामुळे आणि बाजारामुळे.

आता आपल्याकडे पाहू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९०-९१च्या सुमारास आलेल्या व्यापारबंदीने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरले. हौस मात्र संपली नाही. तिची जागा परदेशी पक्ष्यांनी घेतली. आपण ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगरच असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, जॉन गूल्डने १८४० साली जिवंत इंग्लंडला नेलेला. म्हणजे मेयर यांनी ज्याच्या खुराड्यांत रोग पाहिला तोच पक्षी आज आपल्या बंद बाल्कनीत, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी टांगलेला असतो.

प्रत्येक पिंजऱ्यात रोग आहे असे मी म्हणत नाही. हा ताप विरळाच. पण तो संपलेलाही नाही. २०२४च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातील पाच देशांत तो वाढल्याची आणि पाच मृत्यूंची नोंद केली. बहुधा ५ ते १४ दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोके भयंकर दुखते, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो आणि मग न्यूमोनिया होतो. ही लक्षणे कोकणातल्या डॉक्टरला काय आठवून देतील? पावसाळ्यात लेप्टो, एरवी टायफॉइड. प्राण्यांपासून येणारे ताप आपल्याला अनोळखी नाहीत. शेतात अनवाणी उतरला होतास का, हे लेप्टोने आपल्याला विचारायला लावले. रानात माकड मेले होते का, हे २०१६पासून सिंधुदुर्गातल्या माकडतापाने. घरात पक्षी आहे का, हा प्रश्न मात्र अजून तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलेला नाही. आणि या तापाची खूण विशेष चाचणीशिवाय पटत नाही. ती चाचणी सुचायला आधी संशय यावा लागतो.

औषध तर हाताशीच आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते, तिथे बेंजामिन डग्गर यांना ऑरिओमायसिन सापडले आणि १९४८ साली ते जाहीर झाले. टेट्रासायक्लिन गटातले ते पहिले औषध. त्या गटाने या तापाची जरब मोडली. त्याच गटातली डॉक्सिसायक्लिन आपल्याकडे लेप्टोसाठी दिली जाते. उलट पेनिसिलिनच्या जातीची औषधे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणजे चुकीच्या गोळ्यांवर आठवडा घालवायचा की योग्य गोळी वेळेवर घ्यायची, हे त्या एका प्रश्नावर ठरते.

पक्षी पाळणाऱ्याने करायचे ते सोपे आहे. पिंजरा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडून विष्ठा भिजवावी, तोंडाला मास्क लावून कागदासकट उचलावी, मग हात साबणाने धुवावेत. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. लाडाने चोचीला ओठ लावू नयेत. घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर पिंजरा दुसऱ्याने साफ करावा. पक्षी पिसे फुलवून गप्प बसला, पाण्यासारखे हागू लागला तर पशुवैद्याला दाखवावा. आणि ताप आला तर डॉक्टरने विचारायची वाट न पाहता आपणच सांगावे, “आमच्या घरी पक्षी आहे.”

शुकबहात्तरीतला पोपट स्वतः बोलून घर वाचवतो. खऱ्या पोपटाला ते साधत नाही. त्याच्या वतीने हे एक वाक्य घरच्या माणसांनीच बोलायला हवे.