वाडे पडले, वाड्या राहिल्या

वसईचा इतिहास म्हटले की किल्ला आणि चिमाजीअप्पांची मोहीम एवढेच आपल्याला आठवते. तटाच्या आतली चर्चे, मठ, दरवाजे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पोर्तुगीज सरदार बाराही महिने तटाच्या आत राहत नसत. बाहेर त्यांची बागेतली घरे होती. अशा घराला पोर्तुगीज भाषेत ‘क्विंता’ म्हणतात. या घरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न घेऊन मी काही वर्षे वसईच्या पश्चिम पट्ट्यात हिंडतो आहे.

१६९५ मध्ये नेपल्सचा प्रवासी जेमेल्ली कारेरी वसईत आला. शहराबाहेरचा ‘कसाबो’ नावाचा पट्टा पंधरा मैल बागांनी भरलेला आहे, असे तो नोंदवतो. माड, आंबे आणि भरपूर ऊस. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती शेतकरी यंत्रांनी पाणी देऊन ही जमीन सदा हिरवी ठेवतात. भर उन्हाळ्यात आणि साथीच्या भीतीने शहरातले बडे लोक इथल्या आपल्या घरांत येऊन राहतात, असेही तो सांगतो. ‘कसाबो’ हे आपल्या ‘कसबा’ शब्दाचेच रूप दिसते आणि त्याची यंत्रे म्हणजे रहाट असावेत.

या बागांच्या मुळाशी १५३४ चा तह आहे. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी इथली गावे सरदारांना खंडाने वाटली, बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने. मुंबई बेट असेच गार्सिया द ओर्ता या वैद्याला मिळाले. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, तो दस्तऐवज बेटाची तेव्हाची मालकीण दोना इग्नेस द मिरांदा हिच्या घरी झाला. पुढे इंग्रजांचा किल्ला त्या घराभोवतीच उभा राहिला.

वसईच्या क्विंतांच्या वाट्याला असा किल्ला आला नाही. १७३७ पासून मराठी फौजा या मुलखात होत्या. किल्ला पडण्याआधीच तटाबाहेरचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हातून गेला. मे १७३९ मध्ये किल्ल्याने शरणागती पत्करली आणि मालक मंडळी गेली. मालक नसलेल्या घराचे छप्पर एकदा बसले की कोकणातला पाऊस भिंतींना फार वर्षे देत नाही.

आयर्लंडमध्ये जमीनदारांच्या अशा घरांना ‘बिग हाउस’ म्हणतात. १९२० ते १९२३ या धामधुमीत तिथली दोनशेहून अधिक घरे जाळली गेली. जी उरली त्यांतली बरीच आज तिकीट काढून पाहता येतात. विक्लो परगण्यातल्या पॉवर्सकोर्टचे घर १९७४ च्या आगीत जळाले, तरी लोक बाग पाहायला जातातच. तिथे बागेला जुन्या घराचे नाव आहे, म्हणून ती इतिहासात मोजली जाते.

आपल्याकडे घर गेले, नावही गेले. राहिली ती वाडी. निर्मळ, गिरीज, भुईगाव, आगाशी या बाजूला आजही केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या आहेत. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. वाडीत गोड्या पाण्याचे बावखळ असते. रहाट जाऊन पंप आले. कसणारे हात मात्र इथलेच राहिले: वाडवळ, सामवेदी आणि इतरही, हिंदू तसेच ख्रिस्ती. क्विंतेचा उपभोग सरदाराने घेतला, पण तिला पाणी देणारे दुसरेच होते. म्हणून सरदार गेल्यावर घरे पडली, बागायत पडली नाही. कारेरीची ‘सदा हिरवी’ जमीन शोधायची तर पडक्या भिंतींपेक्षा बावखळापाशी जावे, असे माझे मत झाले आहे.

मी राहतो ते सातिवली रेल्वेच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे. इकडे भातशेती होती. आता कारखान्यांचे गाळे आहेत. हा बदल व्हायला एक पिढीसुद्धा पुरली. पश्चिमेला तो इतक्या सहज झाला नाही, कारण विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले तेव्हा लोक उठले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. ती पर्यावरणाची चळवळ म्हणून ओळखली जाते. माझ्या लेखी ते इतिहासाचेही रक्षण होते.

किल्ल्याच्या दगडावर पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, ती असायलाच हवी. बावखळावर पाटी नाही. ते भरणीखाली गेले, तर तिथे तीनशे वर्षांपूर्वीची बाग होती हे सांगायला काही उरणार नाही. गावागावातल्या तरुणांनी आपल्या वाडीतले बावखळ आणि जुनी विहीर नकाशावर मांडून ठेवावी, जाणत्यांकडून त्यांची नावे विचारून घ्यावीत. क्विंतांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. निदान पाण्याची तरी लिहून ठेवू.