नगरच्या मातीतील उज्जीवन



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी विडी कामगारांच्या मजुरीवर किंवा साखर कामगारांच्या पगारवाढीवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर मी वर्षभर कारखान्यांच्या फाटकाशी बोलतच असतो, आणि तिथले श्रोते तुमच्याइतके सहनशील नसतात. आज मी आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात वेळोवेळी उठलेल्या भक्तीच्या लाटांविषयी बोलणार आहे. त्या समाजात या लाटेला ‘उज्जीवन’ म्हणतात. मरगळलेल्या मंडळीत पुन्हा जीव येणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. मी त्या धर्माचा नाही आणि इतिहासाचा पदवीधर तर नाहीच. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून.

या विषयाची गोडी मला एका फजितीतून लागली. तीस वर्षांपूर्वी एका कामगार वस्तीत मी रात्री आठची सभा ठेवली होती. साडेआठ झाले, नऊ झाले, माणूस नाही. गल्लीच्या टोकाला मात्र पेटी-तबला चालू होता. तिथे प्रार्थना होती. मी चरफडत ओट्यावर बसून राहिलो. अकराला प्रार्थना संपली आणि तीच सगळी माणसे, बायकांसह, उठून माझ्या सभेला आली. पेंगत नव्हती, उलट ताजीतवानी होती. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतला एकही माणूस कामावर गेला नाही. तेव्हापासून मला प्रश्न पडला, की ही एकत्र येण्याची सवय यांना कुठून लागली?

शोधत गेलो तो १८३१ सालापर्यंत पोचलो. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, हर्वे आणि रीड हे तीन पाद्री मुंबईहून नगरास आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता. सुरुवात कशी झाली पाहा. हर्वे वर्षभरात पटकीने गेला. पाठोपाठ १८३३ साली बाबाजीही गेला. त्याच वर्षी नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत अनाथगृहातले आंधळे-पांगळे होते. ज्या संस्थेचा आरंभ असल्या माणसांपासून होतो, तिच्याकडे शहाणे लोक फार दिवस लक्ष देत नाहीत. पुढे १८३९ साली हरी रामचंद्र आणि नारायण रामचंद्र हे खिस्ती बंधू बाप्तिस्मा घेते झाले, तेव्हा मात्र गावात खळबळ उडाली. ब्राह्मण बाटला की बातमी होते. पांगळ्याची होत नाही.

याच सुमारास सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई मुंबईहून नगरला आली आणि तिने मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्याला १८४८ साली आपली शाळा काढली, हे आपण जाणताच. बाई १८६२ साली नगरातच वारल्या. ‘ज्ञानोदय’ पत्रही १८४२ साली प्रथम नगरातच निघाले. पण शाळा आणि छापखाना म्हणजे उज्जीवन नव्हे. ते खेड्यांत घडले.

१८५० नंतर नेवासे, राहुरी, शेवगाव, वडाळे या भागातल्या महारवाड्यांत, आणि थोडे मांगवाड्यांतही, हा धर्म पसरू लागला. एकटादुकटा माणूस नव्हे, घरेच्या घरे आली. पाद्री लोक इंग्रजी चालींवर बसवलेली गीते शिकवीत, आणि आमची माणसे ती निमूटपणे, बेसूर म्हणत. हे कोडे सोडवले नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तीच वीणा, तेच टाळ, तोच पूर्वरंग आणि उत्तररंग. आख्यान मात्र येशूचे. पाद्र्याच्या प्रवचनाला मोजकी डोकी, तर कीर्तनाला सारे गाव, इतर जातींचेही, लोटे. ज्या महारवाड्याला देवळाच्या पायरीपलीकडून कथा ऐकावी लागे, त्याच्या दारात आता कथा आली आणि पुढे बसायला त्यालाच जागा मिळाली. माझ्या मते नगर जिल्ह्यातले पहिले खरे उज्जीवन हेच. त्याला कोणी ते नाव दिले नसले तरी.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्याच्या डोळ्यांत भरते. या गावोगावच्या मंडळ्यांचा जो संघ झाला, त्याला त्यांनी नाव दिले ‘ऐक्य’. आम्ही युनियनवाल्यांनी हा शब्द भिंतीवर रंगवण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वर्षातून एकदा गाड्या जुंपून, भाकरी बांधून माणसे नगरला जमत. ज्या माणसाला गावच्या चावडीत उभे राहून बोलण्याची मुभा नव्हती, तो तिथे उठून आपल्या मंडळीचा हिशेब सांगे. ही शिकवणी लहान नव्हे.

आता दुष्काळाकडे येऊ, कारण टीकाकार हमखास तिथे बोट ठेवतात. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तिन्ही दुष्काळ आपल्या जिल्ह्याने भोगले. मिशनने कामे काढली, अनाथ मुले घेतली, आणि मंडळ्यांची संख्या वाढली. तेव्हापासून ‘पोटासाठी बाटलेले’ हा शेरा या लोकांच्या पाठीस लागला तो आजतागायत. मी त्याला एवढेच उत्तर देतो, की माणसे युनियनमध्येही पोटासाठीच येतात. बोनसच्या महिन्यात सभासद वाढतात आणि नंतर पावतीपुस्तक घेऊन मलाच दारोदार फिरावे लागते. प्रश्न माणूस कशासाठी आला हा नसून, धान्य संपल्यावर तो का राहिला हा आहे. काही परत गेले हे खरे. पण पुष्कळ राहिले, आणि गावाचा बहिष्कार सोसून राहिले.

या दुष्काळातूनच केडगाव उभे राहिले. आमच्या नगरच्या माणसांचा इथे नेहमी घोटाळा होतो. हे आपल्या वेशीबाहेरचे केडगाव नव्हे; दौंडच्या पलीकडचे, पुण्याच्या वाटेवरचे. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून भुकेल्या मुली, विधवा आणल्या. मुक्तिसदनात मग जवळजवळ दोन हजार जीव झाले.

१९०४ साली वेल्समध्ये मोठे उज्जीवन झाले. त्याचा पुढारी इव्हान रॉबर्ट्स हा सव्वीस वर्षांचा तरुण, पूर्वीचा खाणकामगार. तिथे अशी गोष्ट सांगत, की खाणीतली तट्टे अडून राहू लागली, कारण कामगारांनी शिव्या देणे सोडल्याने हुकूम त्यांना समजेना! खासी टेकड्यांत वेल्श मिशन होते, तिथे १९०५ साली ही लाट आली. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या प्रार्थनामंडळांची माहिती घेऊन आल्या होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना आवाहन केले. सत्तरएक जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एका मुलीला आपण अग्नीने वेढलो आहोत असे वाटले, आणि दुसरी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली, अशी तिथली हकीकत आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय शिकवीत असता सगळ्या मुली एकदम रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. शाळेचे वर्ग बाजूला राहिले.

कित्येक गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. कोणी त्याला उन्माद म्हणाले. रमाबाईंनी तो बंद केला नाही. पवित्र आत्म्याने इतर देशांत हवे तसे काम करावे आणि हिंदी माणसांत मात्र पाश्चात्त्य शिस्तीने करावे, हे त्यांना मान्य नव्हते. वेदशास्त्रसंपन्न घरातली ही विदुषी. तिने अडाणी मुलींच्या आक्रोशाची बाजू घेतली, याचे मला फार मोल वाटते. त्या आक्रोशात देव होता की नाही, हे मी ठरवणारा कोण? पण आईबाप डोळ्यांदेखत उपाशी मेलेले, नवरा पाहण्याआधीच कपाळ पांढरे झालेले, अशा शेकडो जणींना एकत्र बसून मोठ्याने रडायला जागा त्यापूर्वी कोणत्या समाजाने दिली होती? आमच्याही समाजाने नाही, साहेबांच्याही नाही. आणि रडून त्या थांबल्या नाहीत. टोळ्या करून गावोगाव निघाल्या. कालपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेल्या बायका बाजारात उभ्या राहून बोलू लागल्या.

तिथल्या मिनी एब्रम्स नावाच्या बाईंनी १९०६ साली या हकीकतीवर पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वालपरायझो बंदरातल्या एका पाद्री कुटुंबाच्या हाती पडले आणि १९०९ साली तिथे तशीच चळवळ उठली. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९०६ साली जे प्रकरण गाजले, त्याच्या आधी केडगावच्या मुली हे करून बसल्या होत्या. जगाने आपल्याकडून काय घेतले याची यादी करताना आपण योग आणि शून्य सांगतो. दुष्काळातल्या या पोरी कोणी सांगत नाही.

उज्जीवनाचा भर ओसरला. भर ओसरतोच, संपाचाही ओसरतो. पण केडगावात छापखाना राहिला, हातमाग राहिले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच जुळवले आणि छापले. रमाबाई १९२२ च्या एप्रिलात गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

इकडे नगरात नारायण वामन टिळक होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते इथल्या ख्रिस्ती विद्यालयात शिकवू लागले. त्यांचे चरित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून घरोघर पोचले आहे, ते मी सांगत बसत नाही. त्यांनी अभंग आणि भजने रचून देवळाचा सूर पुरता मराठी केला. तथापि मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. परक्या पैशावर चालणारी मंडळी कधी स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे ओळखून १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्याला आणि न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले, दरबार मोडला. वर्गणी सभासदाच्या खिशातून आली पाहिजे, हा धडा आम्ही युनियनमध्ये फार ठेचा खाऊन शिकलो. टिळकांनी तो पगार सोडून शिकवला, आणि घरात पगारावाचून संसार ओढणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्याची किंमत मोजली.

आता एक कटू गोष्ट. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. परिणाम असा, की माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत रविवारचा धर्म एक आणि दाखल्यावरचा दुसरा आहे. देवळात पुढे बसणारा कामगार मुलाचा अर्ज भरताना माझ्याकडे येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, ‘साहेब, या रकान्यात काय लिहू?’ गावात त्याची जात कोणी विसरलेले नसते; पाणवठ्यावर नाही, लग्नात नाही. फक्त सरकार विसरते. पणजोबांनी चारचौघांत उभे राहून जे नाव घेतले, ते पणतूला लपवावे लागते. यावर मी त्याला काय सल्ला देतो, ते या व्यासपीठावरून सांगणार नाही. पण दर वेळी त्या रात्री मला झोप येत नाही.

दर सप्टेंबरात मी श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातो. ती कॅथॉलिकांची यात्रा, म्हणजे आजच्या कथेतल्या मंडळीची नव्हे; पण येणारी माणसे त्याच वाड्यावस्त्यांची, आणि हिंदू बायाही नवस बोलायला येतात. तिथला साखर कारखाना केव्हाच बंद पडला. जुने कामगार मात्र मुलानातवंडांना घेऊन यात्रेला येतात, मेणबत्त्या लावतात, आणि मग झाडाखाली बसून माझ्याशी थकलेल्या हिशेबाच्या गोष्टी काढतात.