दूद शेमेश : छपरावरचा बंब

इस्राएलातील कोणत्याही गावी उंचावरून खाली पाहिले की घराघरांच्या छपरांवर पांढऱ्या टाक्या आणि त्यांच्या पायाशी कलती ठेवलेली काळी तावदाने दिसतात. हिब्रूत यास 'दूद शेमेश' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत उन्हाचा बंब. येथे जन्मलेल्या आपल्या मुलानातवंडांस वाटते की हा बंब देशात पहिल्यापासून होताच. वस्तुतः तो घरोघरी येण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. तो का आला, मध्येच का मागे पडला आणि शेवटी कशाने टिकला, हे आपल्या घराघरांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण आज छपरावर विजेची तावदाने बसविण्यासाठी जे पैसे मिळतात, त्यांतही तोच प्रश्न दडलेला आहे.

जळणाची किंमत आपल्या समाजास नवीन नाही. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणूनच लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात न्हाणीघरापाशी तांब्याचा बंब असे. लाकडे, कोळसा, नारळाच्या करवंट्या, जे मिळेल ते त्यात जाई. ज्या घरात जळण बेताचे, तेथे आंघोळीचे ऊन पाणी आधी बाळंतिणीला व लेकरांना आणि उरले तर इतरांना.

राष्ट्र स्थापन झाल्यावर येथेही असेच टंचाईचे दिवस होते. 1949 पासून 'त्सेना' म्हणजे शिधावाटपाचा काळ सुरू झाला. देशात कोळसा नाही, तेल जवळजवळ नाही आणि लाखो नवे ओलीम मआबारातील तंबूंत व पत्र्याच्या झोपड्यांत उतरलेले. 1950 नंतरच्या त्या वर्षांत सरकारने रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत पाणी तापविण्यास बंदी केली होती. त्या वेळी लेवी यिस्सार नावाच्या इंजिनियरने सूर्याकडे पाहिले. सांगतात की प्रथम त्यांनी एक जुनी टाकी काळी रंगवून, पाणी भरून नुसती उन्हात ठेवली. पुढे 1953 साली त्यांच्या 'नेरयाह' कंपनीने देशातले पहिले सौर बंब विक्रीस काढले.

या बंबाची रचना साधी आहे. काचेखाली काळा पत्रा आणि त्यास जोडलेल्या नळ्या असतात. उन्हाने नळीतले पाणी तापते. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी आपोआप खाली येते. ना पंप, ना जळण. ढगाळ दिवसासाठी टाकीत विजेची कॉईल असते, एवढेच. लंडन येथे 1917 साली जन्मलेले डॉ. हॅरी त्स्वी ताबोर यांनी यात मोठी सुधारणा केली. देशाच्या भौतिकशास्त्रीय प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. त्यांनी धातूवर असा काळा लेप बसविला की तो ऊन पुरते शोषून घेतो, पण आतली उष्णता बाहेर फारशी जाऊ देत नाही. त्यामुळे पाणी अधिक तापू लागले. ताबोर 2015 साली वारले.

एवढी चांगली वस्तू निघाल्यावर ती सर्वांनी घ्यावयास हवी होती, पण तसे झाले नाही. 1967 पर्यंत सुमारे 50,000 बंब विकले गेले. म्हणजे वीस घरांमागे एका घरी उन्हाचे पाणी आले. त्यानंतर सिनाईतील तेलविहिरी हाती आल्या, इराणचे तेलही स्वस्तात मिळू लागले, वीज स्वस्त झाली आणि बंबाची विक्री घसरली. यात लोकांचा दोष नाही. बंबाचे पैसे आज एकदम मोजावे लागतात आणि बचत मात्र महिन्यामहिन्याने थोडी थोडी होते. महिनाअखेरीस हातात काही न उरणाऱ्या कुटुंबास ही बचत परवडत नाही.

मग 1973 साली तेलाचे भाव भडकले. 1979 साली इराणात क्रांती होऊन तिकडचे तेल बंद झाले. 1980 साली सरकारने नियम केला की यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या राहत्या इमारतीवर सौर बंब असलाच पाहिजे. 27 मीटरहून उंच इमारतींना तेवढी सूट होती. या नियमाचे मर्म असे की बंबाचा भार बांधणाऱ्यावर पडला आणि घराच्या किमतीतच मिळून गेला. श्रीमंताच्या घराबरोबर शिकूनमधील दोन खोल्यांच्या घरालाही बंब मिळाला. कोणास अर्ज करावा लागला नाही, बँकेचे कर्ज काढावे लागले नाही. आज देशातील सुमारे 85 टक्के घरांत पाणी उन्हाने तापते. दिमोना, बेअरशेबा, लोद, रामला, अश्दोद येथील आपली घरेही त्यांत आली.

आम्ही परिचारिका या नात्याने या गोष्टीकडे पाहतो तेव्हा तिचे मोल पैशांत मावत नाही. नवजात बालकास, जखम धुण्यास, संधिवाताने आखडलेल्या म्हाताऱ्या हातांना ऊन पाणी लागतेच, आणि ते बिलाची भीती न बाळगता मिळणे हेही आरोग्यच आहे.

विजेच्या बाबतीत इतिहास वेगळ्या वाटेने गेला. 2008 साली वीज प्राधिकरणाने ठरविले की घराच्या छपरावर 15 किलोवॅटपर्यंत सौर वीज तयार करणाऱ्यास दर युनिटला सुमारे दोन शेकेल द्यावेत, आणि तेही 20 वर्षे. विकत घेतलेल्या विजेपेक्षा हा दर कितीतरी अधिक होता. त्या वेळी तावदाने महाग होती, म्हणून एवढे आमिष लागले. पुढे 2011 साली अरावातील केतुरा किबुत्झजवळ देशातले पहिले मोठे सौर वीजकेंद्र सुरू झाले. 2013 पासून दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वळती करण्याची सोय झाली. तावदाने स्वस्त होत गेली तसा दरही उतरला. 2018 साली लहान छपरांसाठी तो 48 अगोरोत ठरला, पण 25 वर्षांच्या हमीने.

आता हिशेब मांडू. आपल्या उन्हात एक किलोवॅटची तावदाने वर्षास सुमारे 1,700 युनिट देतात. म्हणजे 15 किलोवॅटला वर्षाला 25,000 युनिट आणि 48 अगोरोतच्या दराने सुमारे 12,000 शेकेल. रक्कम लहान नव्हे. पण त्यासाठी पाऊणशे ते शंभर चौरस मीटर मोकळे छप्पर लागते आणि आरंभीचे भांडवल लागते. ज्याचे स्वतंत्र घर आहे त्यास हे साधते. शिकूनमध्ये छप्पर सर्वांचे सामाईक. त्यावर आधीच प्रत्येकाची टाकी उभी. शेजाऱ्यांची संमती मिळविता मिळविता वर्ष निघून जाते. भाड्याने राहणाऱ्यास तर छप्परच नाही. आणि हा वाढीव दर येतो कोठून? तो सर्व ग्राहकांच्या वीजबिलांतून येतो. म्हणजे ज्याला छप्पर नाही तोही छप्परवाल्यास थोडे थोडे देत असतो. या दराने देशात सौर वीज वाढली हे खरे, आणि ते चांगलेच झाले. 2030 पर्यंत 30 टक्के वीज अशा साधनांनी करावी, असे सरकारने 2020 साली ठरविले आहे. पण 1980 च्या नियमाने जे सर्वांना दिले, ते 2008 च्या पैशाने काहींनाच दिले, हेही तितकेच खरे.

मुंबई-ठाण्याकडे राहिलेल्या आपल्या नातलगांसाठीही हा विषय आता जवळचा झाला आहे. भारत सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये काढलेल्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण सोसायट्यांना जिने, पंप वगैरे सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये वेगळे आहेत. सामाईक छपराचा विचार येथे मुळातच केलेला आहे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्या वाचक बंधू-भगिनींस दोन-चार सूचना कराव्याशा वाटतात. बंबाच्या काचेवरील धूळ पुसावी, गरम पाण्याच्या नळ्यांचे फाटलेले वेष्टन बदलून घ्यावे आणि येथील पाणी जड असल्याने टाकीत साचलेले खडे अधूनमधून काढवून घ्यावेत. उन्हाळ्यात टाकीतले पाणी भाजण्याइतके तापते, म्हणून लेकरांना व वृद्धांना न्हाऊ घालताना आधी थंड पाणी घ्यावे आणि मग गरम मिसळावे. इमारतीच्या वआद बायितमध्ये कोणी तावदानांचा प्रस्ताव आणला, तर तो ऐकल्यावाचून नाकारू नये आणि वाचल्यावाचून सहीही करू नये. दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे, दुरुस्ती कोणाकडे, आपल्या टाक्या कोठे हलविणार आणि उत्पन्नातला वाटा तळमजल्यावरच्या एकट्या आजीसही मिळणार की नाही, हे लेखी मागावे. जिन्यातला दिवा आणि लिफ्ट जरी त्या पैशांत चालली, तरी सर्वांचे बिल तेवढे हलके होईल.