बालबाजार

बालबाजार : मोड, वजनमाप, भाव व नफातोटा यांचा अनुभव विद्यार्थ्यांना मिळावा या हेतूने शाळेच्या आवारात भरविला जाणारा, नावाने खेळ असलेला परंतु खऱ्या पैशांवर चालणारा बाजार. ‘बाल आनंद मेळावा’ या नावानेही तो ओळखला जातो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत, आणि त्यांत अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही, तो बहुधा हिवाळ्यात भरतो. पालक व ग्रामस्थ हेच त्याचे गिऱ्हाईक.

मेथीच्या जुड्या, बोरे, ओला हरभरा, भेळ असा माल गोणपाटावर मांडून बसलेली दहा वर्षांची मुलगी घासाघीस करणाऱ्या वडीलधाऱ्यास जेव्हा बिनचूक मोड परत करते, तेव्हा वजाबाकी तिला पुस्तकाहून लवकर उमगते, हे निर्विवाद आहे. तथापि तो माल आईच्या स्वयंपाकघरातून किंवा बापाच्या वावरातून फुकट आलेला असल्यामुळे त्याची खरेदी शून्य धरली जाते, आणि सायंकाळी फळ्यावर मांडलेला नफा वस्तुतः आईबापांच्या न मोजलेल्या मजुरीचा असतो. ती मजुरी मुलांकडून रोजकीर्दीत खर्ची लिहवून घेणारा शिक्षकच खरे अर्थशिक्षण देतो. बचतीचे अंग पूर्वी ‘संचयिका’ ही विद्यार्थ्यांची शालेय बचतपेढी सांभाळीत असे.

कर्ज व भांडवल यांतील विषमता मात्र या बाजारात उमटत नाही, आणि ही उणीव अहिल्यानगर जिल्ह्यात विशेष खटकते. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंग्याचे लोण पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पोहोचले, तेव्हा कुणब्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरातील खते व रोखे यांवर होता. ते त्यांनी जाळले. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस देणारा कायदा 1879 साली झाला.

कर्ज व भांडवल यांतील विषमतेचा धडा खेळातून देता येतो. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी 1904 साली पेटंट घेतलेला खेळ जमिनीचे भाडे अखेर कोणाच्या पदरात साचते हे दाखविण्यासाठीच रचला होता. आपल्या घरोघरचा ‘व्यापार’ हा त्याच कुळातला, मूळ हेतू विसरलेला वंशज होय. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे, ज्यांनी शके 1212 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातीलच नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली. मोक्षपटात सर्प दुर्गुणाच्या घरी बसतो. ऊसतोड कुटुंबाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा (आगाऊ रकमेचा) सर्प मात्र मूल खेळास बसण्यापूर्वीच पटावर असतो. म्हणून कोणास दोनशे रुपये, कोणास वीस, तर कोणावर आधीच उचल अशी वाटणी करून डाव मांडावा, आणि हरलेल्यास आळशी म्हणण्यापूर्वी त्याची पहिली चाल तपासावी.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पाथर्डी, शेवगाव तालुक्यांतील आईबापांसोबत फडावर गेलेली मुले बालबाजाराच्या दिवशी शाळेत नसतात.