मोफत आणि मुक्त : ऑब्जेक्ट ओरिएंटेड कंपायलरच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या इतिहासात प्रोग्रामिंग भाषांना जे स्थान मिळाले, ते त्या भाषा यंत्रावर प्रत्यक्ष चालविणाऱ्या कंपायलरना मिळालेले नाही. वस्तुतः विद्यार्थी असो वा व्यावसायिक, भाषा त्याला भेटते ती कंपायलरच्या द्वारेच. कंपायलर कोणता निवडावा, या प्रश्नात 'फ्री' या इंग्रजी शब्दाने बराच घोळ घातला आहे. मराठीत तो होण्याचे कारण नाही. ज्याला पैसे पडत नाहीत ते 'मोफत'. जे तपासण्याचा, बदलण्याचा व पुढे वाटण्याचा हक्क वापरणाऱ्यास आहे ते 'मुक्त'. प्रस्तुत लेखात सी++ व ऑब्जेक्टिव्ह-सी या दोन ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांच्या कंपायलरचा विचार या भेदाच्या आधारे केला आहे.

जी++चा उदय :

ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेली सी++ १९८५ साली व्यावसायिक स्वरूपात उपलब्ध झाली. तिचा 'सीफ्रंट' हा अनुवादक सी++मधील प्रोग्रामचे सी भाषेत रूपांतर करी. पुढील काम सी कंपायलरने करावयाचे. सीफ्रंटचे हक्क एटी अँड टी कंपनीकडे होते. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू सी कंपायलर प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यावर आधारलेला मायकेल टीमन यांचा जी++ आला. सी भाषेचा मधला टप्पा त्यात नव्हता.

हा कंपायलर मुक्त का झाला, याचे उत्तर उदारतेत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. टीमन त्या काळी टेक्सासमधील ऑस्टिन येथील एमसीसी या उद्योगसंघाच्या संस्थेत काम करीत होते. आपले संशोधन खुले करणे हा त्या संस्थेचा रिवाज नव्हता. परंतु जीएनयू कंपायलरवर उभारलेले काम वाटावयाचे तर ते त्याच अटींवर वाटले पाहिजे, असे परवाना सांगत होता. टीमन यांचा स्वतःचा ओढा मुक्ततेकडे होता हे खरे. १९८९ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी सिग्नस ही कंपनी सहकाऱ्यांसह स्थापिली. तथापि स्टॉलमन यांनी पुढे याचे श्रेय परवान्याच्या अटीलाच दिले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे.

नेक्स्टचे प्रकरण :

ऑब्जेक्टिव्ह-सीच्या बाबतीत ही अट अधिक उघडपणे कसास लागली. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने जीएनयू कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सीची जोड दिली, पण तो भाग स्वतःकडे राखण्याचा तिचा मानस होता. आपला भाग केवळ यंत्रसंकेतातील फायलींच्या रूपात द्यावा आणि जोडणी ग्राहकाने आपल्या यंत्रावर करावी, अशी पळवाट तिने सुचविली. वकिलाचा सल्ला घेतल्यावर स्टॉलमन यांनी ती नाकारली. कंपनीला अखेर आपला मूळ संकेत जीएनयू परवान्याखाली खुला करावा लागला. पुढे १९९७ साली ॲपलने नेक्स्ट विकत घेतली आणि त्याच भाषेवर आपली संगणकप्रणाली उभी केली. २००७ साली ॲपलने 'क्लँग' हा निराळा कंपायलर खुला केला. तोही मुक्तच, मात्र त्याचा परवाना अशी सक्ती करीत नाही.

आपल्या प्रयोगशाळा :

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत मात्र दीर्घकाळ सी++ म्हणजे बोर्लंड कंपनीचा टर्बो सी++ हेच समीकरण होते. ही निवड केवळ अज्ञानातून झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० साली आलेला हा कंपायलर डॉसवर, अल्प स्मृतीच्या यंत्रावर चाले; लिहिणे, चालविणे व चुका शोधणे हे सारे एकाच निळ्या पडद्यावर होई. डी. जे. डेलोरी यांनी १९८९ साली जीएनयू कंपायलर डॉसवर आणण्याचे काम आरंभिले होते. पण त्यास ८०३८६ प्रोसेसर आवश्यक होता.

प्रश्न उद्भवला तो नंतर. १९९८ साली सी++चे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले. 'नेमस्पेस', 'बूल' आणि प्रमाण टेम्पलेट ग्रंथालय या गोष्टी टर्बो सी++मध्ये नव्हत्या. जी++मध्ये त्या क्रमाने आल्या, कारण तेथे मूळ संकेत कोणासही सुधारता येत होता. बोर्लंडने टर्बो सी++ची १.०१ ही जुनी आवृत्ती पुढे विनामूल्य उपलब्ध केली. ती मोफत झाली, मुक्त नव्हे. तिच्यात सुधारणा करण्याचा हक्क कोणालाच नव्हता. परिणामी 'आयोस्ट्रीम डॉट एच' आणि 'व्हॉइड मेन' या कालबाह्य प्रघातांवर विद्यार्थ्यांचे हात बसले, आणि प्रमाणित कंपायलरसमोर बसताच त्यांचे अचूक वाटणारे प्रोग्राम नाकारले जाऊ लागले.

विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. त्यामुळे टर्बो सी++साठी डॉसची नक्कल करणारा 'डॉसबॉक्स' आधी बसवावा लागे. हा डॉसबॉक्स मुख्यतः सी++मध्येच लिहिलेला असून तो जीएनयू परवान्याखालील मुक्त प्रोग्राम आहे.