साखळीवरचे झाकण : नागभीडच्या सायकल दुकानात स्त्रीच्या पोशाखाचा शोध

निमित्त तसे साधेच होते. बारावीच्या वर्गातली एक विद्यार्थिनी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा कळले की सायकलच्या साखळीत अडकून सलवार पोटरीपासून खाली फाटली होती, गणवेशाचा दुसरा जोड नव्हता आणि शिंप्याने दोन दिवसांनी दिला. ही अनुपस्थिती हजेरीपटात केवळ एका रेघेने नोंदली जाते. तिचे कारण कुठेही लिहिले जात नाही. त्या संध्याकाळी नागभीडच्या बाजारातून जाताना मी एका सायकल स्टोअर्समध्ये शिरले आणि बायकांसाठी सायकलवर घालायचे कपडे मिळतात का, असे विचारले. दुकानदार थोडा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, कपडे इथं नाही भेटत. ते टेलरकडं." मग गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने खुंटीवरचे एक चेनकव्हर काढून पुढे ठेवले. "हे बसवून देतो. मग सलवार अडकत नाही, साडी अडकत नाही."

त्या वेळी मला हे उत्तर प्रश्नाला सोडून दिलेले वाटले. आता वाटते की ते अत्यंत नेमके होते. आपल्याकडे स्त्रीचा सायकलचा पोशाख कापडात शिवला गेलाच नाही. तो लोखंडात आणि पत्र्यात घडवला गेला आणि सायकलच्याच दुकानात विकला गेला. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा आराखडा १८८५ सालचा. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' बनवली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि पुढच्या सातआठ वर्षांत युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रिया सायकलवर दिसू लागल्या. परंतु त्यांच्या अंगावर घोट्यापर्यंत पोहोचणारा घेरदार झगा होता, आणि झगा व साखळी यांचे पटणे अवघड होते. या पेचातून बाहेर पडण्याचे दोनच मार्ग होते : पोशाख बदलायचा, किंवा यंत्र बदलायचे.

पोशाख बदलण्याचा मार्ग धरणाऱ्या स्त्रियांना बरेच सोसावे लागले. लंडनमध्ये १८८१ सालीच 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली होती. तिच्यातील एक अग्रणी लेडी हार्बर्टन या दुभागलेला, विजारीसारखा पोशाख करून सायकल चालवीत. १८९८ मध्ये सरे परगण्यातील एका हॉटेलात त्या याच वेषात गेल्या, तेव्हा मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. बसायचे तर दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत बसा, असे सांगितले. १८९९ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले आणि मालकीण निर्दोष सुटली. काही स्त्रियांनी मधला मार्ग शोधला. ॲलिस बायग्रेव्ह या लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ मध्ये एका स्कर्टचे पेटंट घेतले. त्याच्या शिवणीत छोट्या कप्प्या आणि दोऱ्या लपवलेल्या होत्या. दोरी ओढली की घेर वर उचलला जाई, सोडली की पुन्हा घोट्यापर्यंत खाली येई. सायकलवर एक स्त्री आणि रस्त्यावर उतरली की दुसरी, अशी ही सोय होती. एवढी युक्ती का लढवावी लागली, हे त्या हॉटेलच्या प्रसंगावरून उमजते.

दुसरा मार्ग कारखानदारांचा होता. १८८९ च्या सुमारास बायकांसाठी निराळ्या सांगाड्याची सायकल बाजारात आली. तिची आडवी दांडी काढून खाली वाकवलेली होती, साखळीवर झाकण होते आणि मागच्या चाकावर झगा जाऊ नये म्हणून दोऱ्यांची जाळी ओवलेली होती. या मार्गात कोणाशी वाद नव्हता. स्त्री आहे तशी, नेसली आहे तशी चढली; यंत्राने तिच्या वस्त्राला वाट करून दिली. पुढे जगभर जी 'लेडीज सायकल' गेली ती ही. आपल्याकडे आली तीही हीच.

मराठी मुलखातील सायकल दुकानाचा इतिहास लिहायचा तर आरंभ बेळगावपासून करावा लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे १८८८ साली सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. नांगर, चरक आणि किर्लोस्करवाडी हे सारे त्यानंतरचे. पुढे याच घराण्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर' आणि १९३० मध्ये 'स्त्री' ही मासिके निघाली. नव्या मराठी स्त्रीने काय वाचावे आणि कसे जगावे याची चर्चा ज्या पानांतून अनेक वर्षे चालली, त्या पानांचा वंश मागे नेत गेलो तर आपण एका सायकलच्या दुकानात पोहोचतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतलेले दिसते. लेडी हार्बर्टन ज्या दुभागलेल्या पोशाखासाठी न्यायालयापर्यंत गेल्या, तो पोशाख मराठी स्त्रीच्या अंगावर आधीपासूनच होता. काष्टा घातलेले नऊवारी लुगडे हे मूलतः दोन्ही पाय सुटे ठेवणारे वस्त्र आहे. त्यात शेत लावता येते, डोंगर चढता येतो, घोड्यावर बसता येते. आमच्या झाडीपट्टीत धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्या बाया आजही वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचून घेतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण ते काम आहे. शरीर, श्रम आणि वस्त्र यांचा हा मेळ शतकानुशतकांचा.

मात्र सायकल शहरांतून रुजू लागली, त्याच दशकांत शिकलेल्या घरांतून नऊवारी मागे पडत गेली आणि पाचवारी, गोल साडी आली. तिला 'सुधारकी' म्हणत. पोटऱ्या झाकणारी, शहरी, अखिल भारतीय दिसणारी ही साडी शिक्षणाबरोबर आली आणि प्रतिष्ठेबरोबर टिकली. या बदलाला निरनिराळी कारणे होती. एकट्या सभ्यतेच्या कल्पनेवर सारा भार टाकणे बरोबर नाही. १८८३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी तेथील थंडीमुळे नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या, तेही एक कारणच. परंतु परिणाम असा झाला की ज्या स्त्रीला सायकल मिळण्याची शक्यता होती तिच्याकडे सायकलला सोयीचे वस्त्र उरले नाही. आणि जिच्याकडे ते वस्त्र होते तिच्या घरी सायकल नव्हती, असलीच तर ती पुरुषाची होती. जातीची आणि वर्गाची ही रेषा काष्ट्यावरून अशी सरळ गेलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर सायकल देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मद्रासजवळ टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये सुरू झाली. गावोगाव पोहोचली ती काळी, उंच, आडव्या दांडीची सायकल. घरात एकच असायची आणि ती घरातल्या कर्त्याची. मुली शिकल्या त्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत. फ्रॉक किंवा परकर असेपर्यंत हे जमे. साडी नेसायचे वय आले की दांडीच आडवी येई. मुलीची सायकल सुटण्याचे वय आणि शाळा सुटण्याचे वय बहुधा एकच असे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

पुरुषालाही वस्त्राची अडचण होतीच. धोतराचा सोगा आणि पायजम्याची बाटी साखळीत जाई. त्यावर पोलादी क्लिपांची जोडी मिळे. पायघोळ घोट्याशी आवळून ती लावली की झाले. क्लिप काढली की माणूस पूर्ववत. बाईसाठी अशी वस्तू दुकानात आली नाही. साडी क्लिपेने आवळायची तर घोटा दिसणार, आणि घोटा दिसू द्यायचा की नाही हा दुकानदाराच्या अखत्यारीतला प्रश्न नव्हता. म्हणून तिच्या वाट्याला पत्रा आला : चेनकव्हर, मडगार्डला जोडलेली जाळी, वाकवलेली दांडी. मोटारसायकलच्या बाबतीत हाच विचार कायद्यातही उतरला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकण्याची अट आहे. लोक त्या जाळीला 'साडीगार्ड' म्हणतात. नियमात साडीचा उल्लेख नाही. लोकांनी मात्र तिचे खरे नाव ओळखले.

या मार्गाला अपवाद घडला तो तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. मागणी एवढी वाढली की दुकानांत लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि कित्येकींनी पुढे त्याच पसंत केल्या, कारण आडव्या दांडीवर मूल बसवता येते. म्हणजे दांडी ही अडचण आहे हे गृहीतच मुळी तपासून पाहण्यासारखे होते. त्या बायकांना तपासण्याची संधी मिळाली, एवढाच फरक.

आमच्या भागात सायकल मुलींच्या हाती मोठ्या संख्येने आली ती शासकीय योजनेतून. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये बारा जिल्ह्यांत सुरू झाला आणि २०११ पासून १२५ तालुक्यांत विस्तारला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील तालुके त्यात आले. शाळा गावापासून लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना त्यातून सायकली मिळतात. बिहारने २००६ मध्ये सुरू केलेल्या अशाच योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सायकल ही वस्तू किती मोठे काम करते, हे सांगायला याहून अधिक पुरावा नको.

तथापि सायकल दिली गेली आणि पोशाखाचा विचार राहून गेला. परकर-पोलके, मग स्कर्ट-ब्लाऊज, मग सलवार-कमीज आणि ओढणी, असा मुलींच्या गणवेशाचा प्रवास झाला. सलवारीने पाय सुटे केले, ही सायकलच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. पण ओढणीने दोन मोकळी टोके पाठीमागे सोडली, अगदी चाकाच्या वर. मुलींनी यावर स्वतःचे उपाय काढले. दोन्ही खांद्यांना पिना, कमरेला गाठ, सलवारीची बाटी मोज्यात खोचलेली. पावसाळ्यात जंगलातल्या रस्त्याने येताना दप्तरावरून पांघरलेली प्लॅस्टिकची घोंगशी. हा सारा सायकलचा पोशाखच आहे. त्याला कोणी पेटंट घेतले नाही इतकेच. आता कुठे लेगिंग आणि ट्रॅकपॅन्ट वर्गात दिसू लागल्या आहेत. खास सायकलसाठी शिवलेले, आत गादी असलेले कपडे नागपूरच्या खेळसाहित्याच्या दुकानांत किंवा मोबाईलवरून मागवून मिळतात. परंतु ते हौसेने सायकल चालवणारीसाठी आहेत, आठ किलोमीटरवरून तासिकेला येणारीसाठी नाहीत.

पत्र्याच्या उपायात एक मोठा दोष आहे. पत्रा सैल होतो. वर्षभरात चेनकव्हरचा स्क्रू पडतो, कव्हर पॅडलला घासू लागते, खडखडते. मग एक दिवस ते काढून घराच्या आढ्यावर टाकले जाते. सायकल चालतच राहते. यंत्राने वस्त्राला दिलेले वचन असे परस्पर मोडले जाते आणि अपघात झाला की दोष मात्र मुलीकडे येतो : ओढणी नीट सांभाळता येत नाही का? शंभर वर्षांपूर्वी यंत्र बदलून जो प्रश्न सोडवला असे आपण मानले, तो प्रत्यक्षात मुलीच्या दक्षतेवर सोपवून ठेवलेला होता.

म्हणून नागभीडचा तो दुकानदार चुकला नव्हता असे मी म्हणते. त्याच्याकडे जे होते ते त्याने दाखवले आणि ते योग्यच दाखवले. कपडे टेलरकडे, टेलरचे माप शाळेच्या गणवेशावरून, गणवेशाचा निर्णय समितीच्या बैठकीत. आणि त्या बैठकीला सायकलवरून येणारी मुलगी नसते. या साखळीतले सगळे दुवे आपापल्या जागी बरोबर आहेत; फक्त ज्या ठिकाणी कापड खरोखर अडकते तिथे कोणी उभे नाही.

आपण साहित्याचे लोक वस्त्रांविषयी बरेच लिहितो, पण पदर आणि पैठणीच्या आसपासच घुटमळतो. सायकलच्या दुकानांची जुनी बिलबुके, शिंप्यांच्या मापवह्या, शाळांच्या गणवेशाच्या सूचना आणि साडी नेसू लागल्यावर सायकल सोडलेल्या आयांच्या आठवणी, ही साधनसामग्री अजून आपल्या गावांत आहे. आणखी वीस वर्षांनी नसेल. एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थिनीने हे काम हाती घ्यावे. त्या बारावीतल्या मुलीच्या सायकलला आम्ही ते चेनकव्हर बसवून घेतले आहे. स्क्रू दर महिन्याला पाहावा लागतो.